निवडणुकीपुरतं माहेर

महापालिकेची निवडणूक आटोपली आणि दोन-तीन दिवसांत पोलीस स्टेशनमधून फोन आला. हवालदार ओळखीचे होते. आचारसंहिता संपली, हत्यार घेऊन जा, येताना परवाना आणि पावती आणा, एवढंच ते बोलले. आम्हा परवानाधारकांना हे सवयीचं आहे. निवडणूक जाहीर झाली की रिव्हॉल्व्हर पोलीस स्टेशनला ठेवायचं, निकाल लागले की परत आणायचं. आमच्यात त्याला नुसतं ‘जमा’ म्हणतात. ‘तुझं झालं का जमा?’ असं कुणी विचारलं की काय ते लगेच कळतं.

मी फोन ठेवला तेव्हा बायको डिंक तळत होती. मुलीला आठवा लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं म्हणून तिची खोली आम्ही रिकामी केली होती, खिडकीला जाळी बसवून घेतली होती. बायकोनं गॅस बंद केला.

“आणायला जाणार?”

“जायला लागेल. माझं आहे ते.”

“मग ती यायची नाही.”

मला वाटलं, तिचा काहीतरी गैरसमज झालाय. मग तिनं माझ्याकडे न बघता, झाऱ्यातला डिंक निथळवत सांगितलं. लग्न झाल्यापासून मुलगी आमच्याकडे राहायला आली ती लोकसभेच्या वेळी, नंतर विधानसभेच्या वेळी, आणि आता डोहाळजेवणाला, म्हणजे महापालिकेच्या वेळी. पहिल्यांदा ती आंब्यांसाठी आली असं मी धरून चाललो होतो, दुसऱ्यांदा दिवाळीसाठी. मधल्या काळात मायलेकी वाशीला भेटायच्या, किंवा बायको खांदेश्वरला तिच्या घरी जाऊन यायची. मुलीची नोकरी दगदगीची, तिला वेळ होत नसेल, असं मी लोकांना सांगायचो.

“तुमचं ते जमा झालं की मी तिला फोन करते,” बायको म्हणाली. “मग ती बॅग भरते.”

नेरुळमध्ये, शिरवण्याच्या बाजूला आमचं घर आहे. माझा धंदा कामगारांच्या बसेसचा. तुर्भ्याच्या, महाप्याच्या कारखान्यांना आम्ही गाड्या पुरवतो. सुरुवातीच्या वर्षांत ड्रायव्हर-क्लीनरचे पगार रोखीनं द्यावे लागत, आणि एकदा आमच्यासारख्याच एका कंत्राटदाराला रस्त्यात अडवून त्याची पिशवी पळवली गेली. तेव्हा मी अर्ज केला. चौकशी झाली, सोसायटीत पोलीस येऊन शेजाऱ्यांना माझ्याबद्दल विचारून गेले, वरच्या साहेबांसमोर मुलाखत झाली. परवाना मिळाला तेव्हा मी पेढे वाटले होते. पुढे पगार बँकेत जायला लागले. रोख बाळगायचं कारणच उरलं नाही. तरी प्रत्येक नूतनीकरणाच्या वेळी मी तेच कारण सांगत राहिलो, आणि ते सांगताना मला कधी खोटं बोलल्यासारखं वाटलं नाही.

कारण तोवर मला त्याची गोडी लागली होती. रविवारी आम्ही सहा-सात जण नेमबाजीच्या रेंजवर जमायचो. कुणाचं पिस्तूल, कुणाचं रिव्हॉल्व्हर, कुणाच्या कमरेचं कातडी कव्हर कुठून शिवून आणलंय, याच गप्पा. एकाचा परवाना अख्ख्या देशाचा होता, माझा महाराष्ट्रापुरता. तो मला चिडवायचा, “गोव्याला जाताना तुझी मर्दानगी बांद्याच्या नाक्यावर उतरवून ठेवायची, येताना उचलायची.” सगळे हसायचे, मीही हसायचो, आणि घरी येऊन देशभराच्या परवान्यासाठी काय लागतं ते शोधत बसायचो.

कमरेला ते असलं की मी कुणाशी भांडत नसे. ड्रायव्हरांवर आवाज चढवायचं मी बंद केलं. लोक म्हणायचे, तुम्ही फार शांत झालात. मलाही ते पटलं होतं. माझ्यासमोर बाकीच्यांचे आवाज खाली आलेत, हे माझ्या कधी लक्षात आलं नाही.

मुलीनं एका मुलाबद्दल सांगितलं, त्याला तीन वर्षं होत आली. तिच्याच ऑफिसातला, राहायला कोपरखैरण्याला, पगार तिच्यापेक्षा थोडा जास्त. नाव सांगितलं, आडनाव सांगितलं नाही. ते तिनं का टाळलं हे मला तेव्हाच कळलं होतं. मी म्हणालो, येऊ दे घरी, भेटू.

शनिवारी दुपारी तो आला. तो यायच्या आधी मी कपाटातून रिव्हॉल्व्हर काढलं. टीपॉयवर वर्तमानपत्र पसरलं, त्यावर तेलाची बाटली, ब्रश, फडकं मांडलं. सहा गोळ्या काढून एका ओळीत उभ्या केल्या. बायको म्हणाली, आता कशाला हे. मी म्हणालो, सुट्टीचा दिवस आहे, साफसफाई करतोय. ते आदल्याच रविवारी रेंजवरून आल्यावर साफ केलेलं होतं.

तो मुलगा समोरच्या खुर्चीत बसला. मी त्याला काहीही वाकडं बोललो नाही. चहा घेणार का विचारलं, ऑफिसला कसा जातोस विचारलं, गाव कुठलं विचारलं. त्यानं मराठवाड्यातलं गाव सांगितलं. वडील इकडे कारखान्यात कामाला आले, तिथूनच रिटायर झाले, असं सांगितलं. सगळी उत्तरं नीट, पूर्ण. तो माझ्या तोंडाकडे बघत होता आणि मी नळीत ब्रश फिरवत होतो. शेवटी मी आडनाव विचारलं. त्यानं सांगितलं. बौद्ध घरातला होता, मला वाटलं होतं तसाच. मी रिव्हॉल्व्हरचं उघडलेलं सिलिंडर, गोळ्या भरायची चकती, मनगटाच्या झटक्यानं बंद केलं. असं कधी करायचं नसतं, त्यानं हत्यार बिघडतं, हे रेंजवर नव्या माणसाला पहिल्या दिवशी शिकवतात. मला ते चांगलं माहीत होतं. पण हळूच बंद केलं तर आवाज होत नाही.

त्यानं कप खाली ठेवला. थोडा वेळ बसला, मग उठून म्हणाला, “काका, येतो मी.” मुलगी त्याच्यामागून खाली गेली.

पुढच्या रविवारी मी हे रेंजवर सांगितलं. तो देशभराचा परवानावाला म्हणाला, “जावयाला डायरेक्ट सलामी? साल्या, हुंडा तरी वाचला.” फार हशा झाला. मग मी ते दुसऱ्यांना सांगितलं, तिसऱ्यांना सांगितलं. प्रत्येक वेळी तो मुलगा जरा जास्त घाबरत गेला, कपातला चहा जास्त सांडत गेला. खरं म्हणजे त्याचा चहा सांडलाच नव्हता.

सहा महिन्यांत त्यांनी रजिस्टर लग्न केलं आणि खांदेश्वरला घर घेतलं. छोटं रिसेप्शन होतं, मी गेलो, पाकीट दिलं, जेवलो. मुलगी नीट बोलली. जावयांनी नमस्कार केला. मला वाटलं, मिटलं. लग्नाला मी शेवटी नाही म्हणालो नव्हतो, याचं उलट मीच मनात श्रेय घेतलं होतं.

डिंकाचा तो दिवस संपेपर्यंत मी बायकोवर चिडलेला होतो. मग मी उपाय काढला. नंबरचं कुलूप असलेली लोखंडी पेटी घ्यायची, ती भिंतीत बसवायची, गोळ्या दुसरीकडे ठेवायच्या. बायकोनं मुलीला फोन करून विचारलं. मुलगी नको म्हणाली. दुसऱ्या दिवशी मी स्वतःच खांदेश्वरला गेलो. जावई कामावर होते. मुलगी सोफ्यावर पाय वर घेऊन बसली होती, पायांना सूज होती.

मी पेटीचं सांगायला लागलो. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, “बाबा, त्या दिवशी तुम्ही ते खरंच साफ करत होतात?”

हो म्हणायला मी तोंड उघडलं होतं. हेच उत्तर मी बायकोला दिलं होतं, स्वतःला दिलं होतं.

“नाही,” मी म्हणालो.

“मग काय करत होतात?”

“त्याला घाबरवत होतो.”

“आडनाव ऐकून.”

“जात मला आधीच कळली होती. आडनाव त्याच्या तोंडून ऐकायचं होतं.”

तिनं सुजलेले पाय खाली सोडले. मग म्हणाली, “मी आतल्या दाराशी उभी होते. तो आवाज झाला तेव्हा मला वाटलं, सुटली गोळी. अर्धा सेकंद मला तसं वाटलं, बाबा. ते ज्या घरात असेल तिथे माझं बाळ नाही झोपणार.”

मी म्हणालो, मी ते देऊन टाकतो. पेटी नको, काही नको. ती म्हणाली, माझ्यासाठी देऊ नका, नंतर मला ऐकवाल. आणि खरंच, मी ते ऐकवलं असतं.

तरीही दिलं. परवाना रद्द करण्याचा अर्ज केला, परवानगी घेऊन हत्यार विक्रेत्याकडे देऊन टाकलं. अर्ज घेणाऱ्यानं दोनदा विचारलं, आजारी आहात का, काही झालंय का, एकदा गेला की परत मिळणं कठीण आहे. रेंजवरच्या मित्रांना कळलं तेव्हा ते म्हणाले, बायकोनं जप्त केलं वाटतं. मी हो म्हणालो. खरं कारण त्यांना सांगायला हवं होतं. आधी जिथे फुशारकीनं सांगितलं तिथेच सांगायला हवं होतं. माझी हिंमत झाली नाही. कमर रिकामी वाटायची, अजून वाटते. उजवा हात चालताना आपोआप तिथे जातो.

नववा लागल्यावर मुलगी आली. तिला सोडायला जावई आले, बॅगा गेटपाशी वॉचमनच्या केबिनजवळ ठेवल्या आणि निघून गेले. वर आल्यावर तिनं मला सरळ सांगितलं, ते या घरात पाऊल ठेवणार नाहीत. तिचं येणं हा तिचा निर्णय, त्यात ते आडवे आले नाहीत. पण वर येणं हा त्यांचा निर्णय आणि त्यात ती पडणार नाही.

मुलगी झाली. हॉस्पिटलमध्ये जावई सतत होते, मला बघून खुर्ची रिकामी करत होते, औषधं आणत होते, लागेल तेवढं बोलत होते. तिसऱ्या दिवशी बाळ-बाळंतीण आमच्या घरी आली आणि अडचण उभी राहिली. संध्याकाळी कामावरून जावई गेटपाशी येऊन उभे राहिले. बाळाला सव्वा महिना उंबऱ्याबाहेर काढत नाहीत, हे आमच्या घरात फार कडक. माझी बायको बाकी कशात हट्ट करत नसली तरी यात कुणाचं ऐकत नाही. पहिल्या दिवशी ते खालूनच मोबाइलवर बाळाला बघून गेले. दुसऱ्या दिवशी बायकोनं बाळाला दुपट्यात गुंडाळलं, दारापर्यंत आणलं आणि तिथेच थांबली. तिचे डोळे भरले होते. मुलगी आत पलंगावर तोंड फिरवून पडली होती.

मी एकटाच खाली गेलो. जावई बाइकला टेकून उभे होते. मला बघून सरळ झाले.

मी म्हणालो, “मी त्या दिवशी ते मुद्दाम मांडून बसलो होतो. साफ करायचं काही नव्हतं. तुमची जात मला खटकली म्हणून. नंतर लोकांना ते हसत हसत सांगितलं. आता ते घरात नाही. तुम्ही वर या.”

त्यांनी ऐकून घेतलं. शेजारून भाजीवाल्याची गाडी गेली, ती जाईपर्यंत थांबले.

“ते घरात नाही हे हिनं सांगितलं मला,” ते म्हणाले. “मला त्याची भीती तेव्हाही फार नव्हती, काका. मला तुमच्यासमोर बसता येत नाही. बसलो की त्या खुर्चीत असल्यासारखं वाटतं. पुढची दोन वर्षं नोकरीच्या प्रत्येक इंटरव्ह्यूत आडनाव सांगताना मला तो आवाज ऐकू यायचा.”

मी विचारलं, मी घरात नसलो तर याल का?

ते वर गॅलरीकडे बघत राहिले. मग म्हणाले, “नसलात तर येईन.”

तेव्हापासून रोज संध्याकाळी त्यांची यायची वेळ झाली की मी चपला घालून बाहेर पडतो. पामबीच रस्ता ओलांडून खाडीच्या कडेला जाऊन बसतो. तिथे चालायला येणारे ओळखीचे झालेत. डॉक्टरांनी सांगितलंय का, असं एकानं विचारलं. मी हो म्हणालो. बायकोचा फोन आला की उठतो. मी पोहोचेपर्यंत बाइक गेलेली असते. घरात बाळाला नुकतं हसवलेलं असतं, ते कळतं. त्याच्या डोक्याला कधी कधी दुसऱ्याच साबणाचा वास येतो, त्याच्या बापाच्या हाताचा. मला राग येत नाही. वाईट वाटतं, आणि हे मीच कमावलंय, त्यामुळे ते कुणाला सांगताही येत नाही.

आता सव्वा महिना पुरा होतोय. रविवारी जावई मायलेकींना न्यायला येणार आहेत. सामान बरंच झालंय, पाळणा आहे, बॅगा आहेत, बायकोनं बांधलेले डबे आहेत. काल मी मुलीला विचारलं, रविवारी मी घरी थांबू का, निदान पाळणा खाली न्यायला.

ती बाळाला पाजत होती. त्याचं दुपटं सारखं करत म्हणाली, “त्यांना विचारून सांगते.”