कल्लाप्पा पीत नव्हता

कल्लाप्पा फिटर दारूला शिवतसुद्धा नव्हता. हे आधीच सांगून टाकतो, कारण १९६२ साली बंगळूरच्या त्या सरकारी कारखान्यात कुणी ते ऐकूनच घेतलं नाही.

घासलेल्या लोखंडावर नुसतं बोट फिरवून उंचवटा सांगणारा हा बेळगावकडचा माणूस. अकरा वर्षं फोरमन विश्वासराव अवघड काम त्याच्याकडेच टाकत. त्या वर्षी त्याची बोटं बधिर झाली. कानस हातातून सुटे, पाय कापसावर पडल्यासारखे वेडेवाकडे पडत. विश्वासरावांनी तोंडाचा वास घेतला. बिडीखेरीज कशाचा वास आला नाही, तरी 'कामावर नशेत' असा शेरा मारून त्याला घरी बसवलं. वा रे न्याय!

कारखान्याच्या डॉक्टरनं तपासलं म्हणजे काय, तर खुर्चीतूनच बघितलं. "स्वल्प कमी कर, थोडी कमी पी," म्हणाला, आणि ताकदीचं इंजेक्शन टोचून मोकळा झाला.

मग गल्लीतल्या आरतीत कल्लाप्पानं डोळे मिटले आणि तो धाडकन शेजाऱ्याच्या अंगावर कोसळला. देवापुढंही पिऊन येतो, म्हणून लोकांनी तोंडं फिरवली. त्याची बायको यल्लव्वा संतापली. ह्यांच्या जिभा झडत कशा नाहीत, असं तिला झालं. दुसऱ्याच दिवशी नवऱ्याचा हात धरून तिनं मोठा दवाखाना गाठला.

तिथल्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी कल्लाप्पाला पाय जुळवून डोळे मिटायला लावले. तो कलंडताच त्यांनी त्याला सावरलं, आणि छातीचा फोटो काढायला सांगितलं.

"बोटं बधिर हाईत, छातीचा फोटो कशाला?" यल्लव्वानं विचारलं.

फोटो आल्यावर त्यांनी सांगितलं. फुप्फुसात कॅन्सरची गाठ होती. ती अशी लपून बसते की खोकलाही येत नाही, पण कधीकधी नसा आधी निकामी होतात, मग बोटं बधिर होतात आणि डोळे मिटले की तोल जातो. आता फार तर सहा महिने.

यल्लव्वा ढसाढसा रडली. मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "हे दारूनं न्हाई, येवढं कागदावर लिवून द्या."

तो कागद घेऊन ती विश्वासरावांपुढं उभी राहिली. त्यांनी दोनदा वाचला. "अक्का, हे आम्हाला आधी ठाऊक असतं तर..."

"गाठ ठाऊक नव्हती, कबूल," ती म्हणाली. "मानूस तर अकरा वर्सं ठाऊक हुता!"