फौजीचा दगड

"घाल म्हंतो न्हवं हात दगडाला. का बोटं झिजत्यात तुझी?"

ओरडत होतो मी. गुंजी स्टेशनात उभ्या असलेल्या मालगाडीच्या ड्रायव्हरनंही दचकून भोंगा वाजवला असेल. देवळापुढं अख्खं गाव गोळा झालेलं आणि मध्ये माझा पुतण्या, सुट्टी संपवून निघालेला कमांडो, दोन्ही हात खिशात घालून उभा.

आमच्या गावातला फौजी सुट्टीवरून परत निघाला की देवळापुढचा गोल दगड खांद्यावर घेतो आणि देवळाला एक फेरी मारतो. दगडाचं वजन विचारू नका. ते दरवर्षी वाढतं, कारण सांगणारा मी असतो. मीही कमांडो होतो. बेळगावात ट्रेनिंगला असताना पाठीवर एवढं ओझं घेऊन पळायचो की रस्त्यातल्या म्हशी आपणहून बाजूला व्हायच्या. गावाला हे पाठ आहे.

पुतण्यानं आदल्या दिवशी जेवताना मला सगळं नीट सांगितलं होतं. "आप्पा, ड्रोनच्या कोर्सला निवड झालीया माझी. मनगट, बोटं, समदं तपासून घेत्यात. हितनं पुढं मोहिमेवर आमी चौघंच जाणार. आदी ड्रोन सोडायचं, दुश्मनाचा रेडिओ मुका करायचा, काम करून माघारी यायचं. कोण आलतं ह्येचा पत्ताबी लागाय नको. गोळी झाडाय लागली म्हंजे आमचं काम फसलं."

गोळी झाडली म्हणजे फसलं? मग मी इतकी वर्षं काय वरातीत फटाके उडवत होतो? भात तसाच ताटात टाकून उठलो. राग सकाळपर्यंत चांगला आंबला.

देवळापुढं तो हळू आवाजात म्हणाला, "आप्पा, या वक्ताला नको. कोर्स झाला की दोन फेऱ्या मारतो."

"व्हिडिओ गेम खेळाय चाललाय ह्यो," मी गावाला ऐकवलं. "दगड बघून ताप आलाय आमच्या फौजीला."

लोक हसले. माझा थोरला भाऊ, म्हणजे पोराचा बाप, तेवढा हसला नाही.

पुतण्यानं खिशातले हात काढले. दगड उचलला, फेरी पुरी केली. खाली ठेवताना दगड घसरला आणि उजवं मनगट त्याखाली सापडलं. खानापुरात एक्स-रे काढला, हाड मोडलेलं. प्लॅस्टर घालूनच तो गाडीत बसला.

घरी आल्यावर भावाला म्हटलं, "अण्णा, मी काय मुद्दाम केलं व्हय?"

"तू दगड उचललास तवा मागनं त्याला गुडघा कुणी लावलता रं?" अण्णा म्हणाला आणि आत निघून गेला.

त्यानंच लावला होता. ही गोष्ट मी गावाला कधी सांगितली नाही, आणि त्यानंही नाही. इतक्या वर्षांत दगडाचं वजन वाढवत नेलं, पण तो गुडघा कधी गोष्टीत येऊ दिला नाही. अंगाचा नुसता जाळ झाला. देवळापुढं जाऊन त्या दगडाला लाथ घातली. अंगठा भोपळ्याएवढा सुजला. बेळगावात मला सगळं शिकवलं, तोंड बंद ठेवायचं तेवढं राहिलं.

दोन महिन्यांनी फोन केला. "कोर्सचं काय झालं रं?"

"माझ्या जागी दुसरा गेला, आप्पा. मला स्टोअरात बसीवलंय."