डॉक्टर हेल यांचं उत्तर

ट्रेसा लॉकर्ड डॉक्टर झाली तीच पस्तिशी ओलांडल्यावर. आधी कित्येक वर्षं तिने हॉस्पिटलात ऑक्सिजनची नळकांडी ओढली, मग शिकायला घेतलं. एका परीक्षेत आपटली, पुन्हा बसली, पास झाली. आता उरली होती रेसिडेन्सी, म्हणजे हॉस्पिटलात राबून करायची तीन वर्षांची उमेदवारी. ती नाही मिळाली तर पदवी नुसती भिंतीवर टांगायची.

पाच ठिकाणांहून मुलाखतीला बोलावणं आलं, पण तिला हवं होतं एकच, डोंगरापलीकडचं हॉस्पिटल. कारण तिचा बाप डेल्बर्ट. वेस्ट व्हर्जिनियाच्या कोळसाखाणीत त्याची फुप्फुसं पार निकामी झालेली, आणि घरात तो एकटा. तीन वर्षं दूर गेले तर परत येईपर्यंत हा असेल का, याचं उत्तर त्याच्या एक्सरेतच होतं, आणि एक्सरे वाचायला ती शिकली होती.

डेल्बर्टवर उपचार करणारे डॉक्टर हेलच तिथे उमेदवार निवडायचे. मुलाखत झकास झाली. मग प्रश्न पडला, आभाराची चिठ्ठी पाठवायची की नाही? यावर तिच्या वर्गात केवढा खल! कुणी म्हणे लोचटपणा दिसतो, कुणी म्हणे न पाठवणारा उद्धट ठरतो. डेल्बर्टने फोनवर सुनावलं, की माणसाने आपल्यासाठी वेळ काढला तर आभार मानायचे, त्यात विचार कसला करायचा. तिने साधा, चार ओळींचा ईमेल पाठवला.

उत्तर संध्याकाळीच आलं. ‘तुझ्यासारखीच माणसं आम्हाला हवीत. जुलैत भेटूच.’ जुलैत नवे डॉक्टर रुजू होतात. बाई हुरळली, आणि कुणीही हुरळलं असतं. आणखी एक मुलाखत तेवढी झाली होती. उरलेल्या तिन्ही तिने सोडून दिल्या. आपल्याला नको ती जागा अडवायची कशाला, दुसऱ्या कुणाला तरी मिळू दे, म्हणाली. मेला चांगुलपणाच नडला. इकडे डेल्बर्ट धापा टाकत तिच्यासाठी मागची खोली रंगवायला लागला.

उमेदवार आणि हॉस्पिटलं आपापल्या पसंतीच्या याद्या देतात, त्या जुळवून देशभरच्या निवडीचा निकाल मार्चमधल्या एका सोमवारी आला. कुठेच निवड नाही.

तिने हेलना फोन लावला. त्यांनी टाळलं नाही, आवाजही मऊच होता.

“अगं, मी मनापासून लिहिलं होतं. सगळ्यांनाच तसं लिहितो, आणि सगळ्यांना मनापासूनच लिहितो.”

वर डेल्बर्टचा खोकला कसा आहे, हेही विचारलं. काय म्हणावं या माणसाला! तोंडाला पानं पुसायची आणि पुन्हा घरच्यांची चौकशी करायची.

उरल्यासुरल्या जागांच्या धावपळीत तिला नॉर्थ डकोटात एक जागा मिळाली. तिथून घरी यायचं म्हणजे दोन दिवस गाडी हाकायची.

हेलनी सगळ्यांनाच ‘जुलैत भेटू’ लिहिलं होतं, हे सगळं खरं सांगायचं ठरवूनच ती बापाकडे जेवायला गेली. पण गुरुवारी त्याची हेलकडे तपासणी होती. त्या भागात फुप्फुसांचा दुसरा डॉक्टर नाही, आणि हा म्हातारा औषधं घ्यायचा ती केवळ हेल सांगतात म्हणून. तिने खरं ते गिळलं.

“यादीत माझा नंबर नाही लागला, डॅडी.”

डेल्बर्ट मक्याच्या पावाचा तुकडा चिवडायला लागला.

“हेल देवमाणूस आहे. उगाच नकार द्यायचा नाही तो. तूच कुठेतरी कमी पडलीस, पोरी. आभार तरी नीट मानले होतेस ना?”

“हो, डॅडी,” ती म्हणाली, आणि त्याच्या ताटलीत आणखी घेवडा वाढला.