माझ्या ‘मित्राची’ बायको आणि आमचे व्याही

आमच्या व्याह्यांइतका निलाजरा माणूस अमरावती आणि अकोला या दोन्ही जिल्ह्यांत शोधून सापडणार नाही, आणि त्यांच्या त्याच निलाजरेपणाचा मला हेवा वाटतो. सभ्यपणे वाटतो असंही नाही. चांगला पोटात आग पडल्यासारखा वाटतो. व्याही म्हणजे माझ्या मुलीचे सासरे. अकोल्याजवळच्या खेड्यात त्यांचं चार एकर काळं वावर, त्यात मेथी, पालक, वांगी. त्यांच्या आईला पाच वर्षांपासून तो विसरण्याचा आजार आहे, ज्याला डॉक्टर डिमेन्शिया म्हणतात. दुसऱ्या कुणी तिला चार भिंतींआड ठेवलं असतं. यांनी अख्खं गाव कामाला लावलं.

गावच कशाला, एसटीत चढले की पहिली दिसेल त्या बाईला सांगणार, “ताई, हे माही माय. तिले याद राहत नाही. मी तिकीट काढतो, तवर हात धरून ठेवा.” ती अनोळखी बाई बिचारी मूर्तिजापूरपर्यंत हात धरून बसते आणि उतरताना म्हातारीच्या पाया पडून जाते. बाजारात हे आईला शेजारी पोत्यावर बसवतात आणि मेथीच्या जुड्या तिच्यापुढे ठेवतात. ती एकेक जुडी सोडते, हे बांधतात, ती पुन्हा सोडते. “तिचा टाइम जाते, मेथीले हवा लागते, कोनाचं काय बिघडून राहिलं?” नातवाच्या बारशाला तर कमाल केली. सरळ माइक हातात घेतला. “मंडळी, माही माय तुमाले सांगन का सकाळपासून मले जेवाले नाही देल्लं. तीनदा जेवली हाय! दया आली तरी जिलबी देऊ नका, शुगर हाय.” मांडव हसला, आणि सगळ्यांत मोठ्यांदा म्हातारी हसली. मी मात्र तोंडाला रुमाल लावून बसलो होतो, कारण माझ्या शेजारच्या खुर्चीत माझी बायको तिसऱ्यांदा विचारत होती की हे बारसं कुणाचं.

होय, आमच्या घरीही तेच. पण मी पडलो निवृत्त मुख्याध्यापक; अमरावतीच्या राजापेठेत चार माणसं मला बघून सायकलवरून उतरायची. शेजाऱ्यांना सांगितलं, हिचे गुडघे दुखतात. मुलीला शपथ घातली, सासरी अवाक्षर काढायचं नाही. दुधाला जाताना बाहेरून कुलूप लावायचो. आणि व्याह्यांचा फोन आला की घसा खाकरून ‘माझ्या एका मित्राच्या’ बायकोची हकिकत सांगायचो. ती संध्याकाळ झाली की माहेरी जाते म्हणून हट्ट धरते, मित्रानं काय करावं? “मित्राले म्हना, नाही म्हनू नका. चपला घाला, एक चक्कर मारून आना. माही माय रोज माहेरी जाऊन येते, मारुतीच्या देवळापर्यंत.” उपाय हमखास लागू पडायचा आणि मी जास्तच जळायचो. हा सातवी नापास माणूस, आणि याच्या गावच्या सभामंडपात दर गुरुवारी, घरी असं माणूस असलेले लोक जमतात, रडतात, हसतात, आणि कुणी कुणाच्या घरी दोन तास बसायचं ते ठरवून उठतात! “त्यात काय, सर? आज तुमी आमचं तन निंदाले, उद्या आमी तुमचं. वावरात करतो तेच.” मी आयुष्यभर स्नेहसंमेलनांत समाजावर भाषणं ठोकली, आणि माझ्या बायकोपाशी अर्धा तास बसेल असा एक माणूस मला सांगता येत नव्हता. हेवा वाटेल नाही तर काय!

मागच्या उन्हाळ्यात एका दुपारी तिनं भरलेलं ताट लोटून दिलं. एकदा पुसलं, पुन्हा वाढलं, पुन्हा लोटलं. मी हात उगारला. मारलं नाही हो. पण ती भिंतीला चिकटून उभी राहिली, डोक्यावर दोन्ही हात धरून. मला माझीच लाज वाटली. व्याह्यांना फोन लावला आणि म्हणालो, “माझ्या मित्राच्यानं आता होत नाही.” ते म्हणाले, “मित्राले म्हना, उद्या सकाळच्या गाडीनं येतो. आन पत्ता सांगू नका, घर माईत हाय मले.”

आले ते पिशवीभर गवारीच्या शेंगा घेऊन, आणि मला माझ्याच घरातून बाहेर काढलं. “तीन तास तोंड दाखवाचं नाही, सर.” मी दाढी करून घेतली, वाचनालयात गेलो, एकच पान चारदा वाचलं. डोळ्यांपुढे सारखे ते दोघं. दोन तासांतच परत आलो, तर फाटकातूनच तिचं हसणं ऐकू आलं. कित्येक महिन्यांत असं हसली नव्हती. मी एवढं करतो आणि हिला हसवायला अकोल्याहून माणूस यावा लागतो!

आत गेलो. शेंगा मोडता मोडता तिनं मान वर केली, पदर सावरला. “बसा न जी. आमचे हे बाहेर गेले हायेत. ते आले का चहा मांडते.”

व्याही उठले. मला दारापर्यंत ओढत नेलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा हळू बोलले. “दोन तास नुसती तुमची तारीफ आयकून राहिलो. आमचे हे असे, आमचे हे तसे. खोटं काहून बोलू, मले जलन झाली, सर. माही माय दिवसभर माह्या मेलेल्या भावाले हाका मारते. माहं नाव चार वर्सांत एकदा बी नाही निंगालं तिच्या तोंडातून.” त्यांनी चपला घातल्या, पुढच्या गुरुवारी मी अमरावतीतच कुणाच्या घरी बसायचं आणि इथं कोण बसेल ते सांगितलं, आणि गाडी पकडायला गेले.

मी परत येऊन पाहुण्याच्या खुर्चीत बसलो. ती सारखी दाराकडे बघत होती.

“स्वभावानं कसे आहेत तुमचे हे?” मी विचारलं.

“तापट हायेत,” ती म्हणाली. मग दोन शेंगा मोडून झाल्यावर, “पन मले कधी काही लागू नाही देल्लं त्यांनी.”

मला त्या बाहेर गेलेल्या माणसाचा फार हेवा वाटला.

“येतीलच आता,” ती म्हणाली.

“येतील,” मी म्हणालो, आणि आम्ही दोघं दाराकडे बघत बसलो.