जाळीची पाठ

सोमलाभाऊंच्या हातात कोणतीही वस्तू द्या, ते आधी ती उलटी करत. पाट असो, चौरंग असो, नवी पेटी असो, समोरचं नक्षीकाम राहायचं बाजूला आणि हे पाठीवरून अंगठा फिरवत बसायचे. अठ्ठावन्न साली मी दिग्रसच्या एका शाळेत हस्तव्यवसायाचा शिक्षक म्हणून रुजू झालो, तेव्हा माझ्या प्रमाणपत्रालाही त्यांनी हीच वागणूक दिली. ते प्रमाणपत्र मी स्वतः कोरलेल्या जाळीच्या चौकटीत बसवलं होतं आणि पहिल्याच दिवशी कामशाळेच्या भिंतीवर लावायला घेतलं होतं. सोमलाभाऊंनी चौकट उलटी केली, अंगठा फिरवला, अंगठ्यात घुसलेलं कुसळ दातांनी ओढून काढलं आणि म्हणाले, "समोरून लय सुंदर हाय, मास्तर." मी ती शाबासकी समजलो. पुढे वर्षभर तशीच समजत होतो.

ते कामशाळेत मदतनीस होते. वय पंचेचाळीसच्या आसपास, अंगात जाडंभरडं बंडीवजा कापड, डोक्याला मळका लाल फेटा. दिग्रसच्या बाहेर बंजाऱ्यांच्या तांड्यावर त्यांचं घर. आजोबांनी बैलांच्या पाठीवर मीठ वाहिलं, वडिलांनी शेती केली आणि हे पोरवयात कापसाच्या जिनिंगमधल्या सुतारमिस्त्रीच्या हाताखाली गेले. लिहिता-वाचता येत नव्हतं. मी तेवीस वर्षांचा, यवतमाळच्या कारकुनी घरातला, घरात तीन पिढ्यांची अक्षरं वळणदार. मी त्यांना सरळ अरे-तुरे करत असे. मुलं त्यांना सोमलाभाऊ म्हणत, हेडमास्तरही म्हणत. मी मात्र 'सोमला'. हे आज लिहितानाही हात अडखळतो.

पाठ पाहण्याची सवय त्यांना आईकडून लागली होती. त्यांच्या बोलीत आई म्हणजे याडी. तांड्यावरच्या बाया कापडावर कशिदा भरतात, आणि मुलगी कशी आहे ते तिच्या कशिद्याच्या उलट्या बाजूवरून ठरतं, असं ते सांगत. मागे गाठी लोंबत असल्या तर याडी सगळे टाके उसवायला लावी. "माही याडी म्हने, समोरचं लोकायसाठी रायते, पाठ आपल्यासाठी." हे वाक्य ते मुलांना आठवड्यातून एकदा तरी ऐकवत. मला त्याचा कंटाळा येई.

कामशाळेत शिवणयंत्रासारखं पायाने चालवायचं जाळीचं यंत्र होतं. त्यात दोऱ्याएवढं बारीक पातं उभं ताणून बसवायचं, पाय हलवले की ते वरखाली होतं आणि फळी फिरवत फिरवत नक्षी कापायची. नवी पाती नागपूरहून यायची, सगळी एकाच जातीची, दाताला दात लागलेला. सोमलाभाऊ त्यांना 'भरली' म्हणत. आधी फळी पाहायची, मग पातं निवडायचं, ही त्यांची रीत. डोळे मिटून ते पातं नखावरून ओढत आणि मगच यंत्रात घालत. पातळ प्लायवूड असलं की भरलं पातं. आमच्या जंगलातलं जाड सागवान असलं की बाकाखालच्या डब्यातून दुसरंच काही काढत. ते दुसरं काय, हे मी कधी वाकून पाहिलं नाही, कारण वाकून पाहणं म्हणजे विचारणं आणि विचारणं म्हणजे मला येत नाही हे कबूल करणं.

एकदा मी वर्गात फळ्यावर लिहून दिलं, की पात्याला दात जितके जास्त तितका काप गुळगुळीत. माझ्या पुस्तकात तसंच होतं. मागे उभे असलेले सोमलाभाऊ हळूच म्हणाले, "दाताच्या मधात भुशाले बसाले जागा पाह्यजे ना, मास्तर. सागाचा भुसा तेलकट. जागा नसन तर पातं नुसतं घासते, लाकूड करपते." मुलं हसली. माझ्यावर नव्हती हसली बहुधा, पण मला तसं वाटलं. मी म्हणालो, "पुस्तकात असं काही नाही." ते म्हणाले, "पुस्तकात सागवान नसन." यावर मुलं खरोखरच हसली, आणि तो हशा मी मनात जपून ठेवला.

श्रावणात ते तिजेच्या सणासाठी चार दिवस तांड्यावर गेले. त्याच आठवड्यात शाळेची तपासणी होती. कामशाळा आवरताना बाकाखालचा तो डबा माझ्या हाती लागला. आत चाळीसेक पाती होती. उजेडात धरून पाहिली तर दात गेलेले. शिवाय खालच्या टोकाचे काही दात उलटे, वर तोंड केलेले. मी डबा उचलून थेट हेडमास्तरांकडे नेला आणि सांगितलं, की आपल्या मदतनीसाने सरकारी पाती निष्काळजीपणे मोडून लपवून ठेवली आहेत. मग ती तपासणीला कोणाच्या नजरेस पडायला नकोत म्हणून शाळेमागच्या पडक्या विहिरीत ओतून आलो.

इथे मला एक गोष्ट सांगायची आहे, आणि तीच सांगण्यासाठी मी हे लिहायला बसलो. ती पाती पाहताना मला दिसलं होतं. गेलेले दात एकाआड एक होते. एक दात, एक रिकामी जागा, पुन्हा एक दात, टोकापासून टोकापर्यंत. मोडलेले दात असे शहाण्यासारखे मोडत नाहीत. कोणीतरी बसून, एकेक दात कानशीने घासून काढला होता. हे मला डबा उचलण्याआधी कळलं होतं. वर्गातला हशा आठवला आणि मी डबा उचलला.

सोमलाभाऊ परतल्यावर हेडमास्तरांनी त्यांना माझ्यासमोरच बोलावलं. पाती काहून मोडली, असा प्रश्न होता. सोमलाभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. शिकलेला माणूस जवळ उभा आहे, आता तो नीट समजावून सांगेल, असा भरवसा होता. ते म्हणाले, "मास्तरले इचारा सायेब. त्याईले समजते, ते काय हाय ते."

हेडमास्तर माझ्याकडे वळले. मी म्हणालो, "अशी पाती माझ्या अभ्यासक्रमात नव्हती."

हे वाक्य खरं होतं, म्हणून ते फार सोपं गेलं.

पुढच्या महिन्यापासून त्यांना येऊ नका म्हणून सांगण्यात आलं. जाताना त्यांनी कामशाळेतून एकच वस्तू घेतली, चिंधीत गुंडाळलेली बारीक तिकोनी कानस. गावातल्या घड्याळजीने टाकून दिलेली ती त्यांनी मागून आणली होती. दारात थांबून "येतो, मास्तर" म्हणाले. मी बाकावरचा भुसा झाडत होतो, झाडतच राहिलो. नंतर कळलं, की दारव्ह्याला एका लाकूडवाल्याच्या दुकानात ते कामाला लागले. जाळीचं काम तिथे नव्हतं. खाटांचे पाय तासायचं होतं.

दुसऱ्या वर्षी यवतमाळला जिल्ह्यातल्या शाळांचं हस्तकला प्रदर्शन ठरलं. हेडमास्तरांना शाळेकडून सागवानाची मोठी जाळी हवी होती, मोर आणि वेलबुट्टीची. मी भरलं पातं लावलं आणि सुरुवात केली. वीतभर कापेपर्यंत धुराचा वास आला, कापाच्या कडा काळ्या पडल्या. दुसऱ्या फळीला बारीक पातं लावलं, ते तुटलं. तिसरी कशीबशी पुरी झाली. समोरून लय सुंदर होती. उलटी केली तर पाठीला उंदरांनी कुरतडल्यासारखे कपचे उडाले होते.

ती फळी मी बाकावर पालथी ठेवली. मग बाकाच्या फटी, खिडकीच्या कडा, सगळं धुंडाळलं. एका फटीत सोमलाभाऊंचं एक पातं अडकलेलं सापडलं. ते भिंगाखाली धरून मी पहिल्यांदा नीट वाकून पाहिलं. एकाआड एक दात काढून केलेली जागा भुशासाठी. आणि खालचे उलटे दात पाठीसाठी. पातं खाली जाताना कापतं आणि फळीच्या पाठीचे कपचे उडवतं, पातं वर येताना हे उलटे दात त्या कडा साफ करून घेतात. घड्याळजीकडूनच कानस आणली आणि तशी पाती घासायला शिकलो. पहिली सोळा वाया गेली. अंगठ्याची कातडी गेली. चाळीस पाती विहिरीत ओतायला मात्र क्षणभर लागला होता.

प्रदर्शनात, तशा पात्याने नव्या फळीवर कापलेली आमची जाळी मधल्या टेबलावर होती. दुपारी गर्दीतून लाल फेटा पुढे आला. शाळेतल्या मुलांनी त्यांना सांगितलं होतं म्हणे, आपली सागवानाची जाळी यवतमाळला चालली आहे, म्हणून ते दारव्ह्याहून मुद्दाम आले होते. त्यांनी माझ्याकडे न पाहता जाळी उचलली, उलटी केली आणि अंगठा फिरवू लागले. स्वयंसेवक हात लावू नका म्हणून ओरडला. तेवढ्यात बक्षिसं ठरवणारे अधिकारी आले. हा माणूस मागून काय पाहतोय, या कुतूहलाने त्यांनीही पाठीवर बोट फिरवलं आणि मला विचारलं, सागवानात पाठ इतकी साफ कशी आली.

सोमलाभाऊ दोन हातांच्या अंतरावर उभे होते. हेडमास्तर माझ्या शेजारी होते. मी म्हणालो, "दातांवर मी थोडा प्रयोग केला, साहेब."

अधिकारी खूश झाले. मग हसून सोमलाभाऊंना म्हणाले, "काय बाबा, तुला कळतं का यातलं काही?"

"थोडंसं, सायेब," सोमलाभाऊ म्हणाले. "मास्तरले जास्त कळते."

आमच्या शाळेला पहिलं बक्षीस मिळालं.

संध्याकाळच्या दिग्रसच्या एसटीत मी बसलो तर ते पुढच्या दारातून चढत होते. तांड्यावर निघाले होते. माझ्या शेजारची जागा रिकामी होती. मी सरकून "बसा" म्हणालो. दोन वर्षांत पहिल्यांदा मी त्यांच्याशी आदराने बोललो आणि ते आमच्या दोघांच्याही लक्षात आलं. रस्ताभर ते मुलीच्या बाळंतपणाचं, कापसाचं बोलत राहिले. मी तोंडात वाक्य घोळवत होतो. दारव्हा मागे पडलं, तरी घोळवतच होतो. तांड्याचा फाटा आला. ते उठले, दांड्याला धरून वाकले आणि हळू आवाजात म्हणाले, "मास्तर, खालचे दात तुमी चार उलटे ठेवले न? सहा ठेवा. फळी जाड असली का चार पोचत नाहीत. उजव्या कोपऱ्यात मोराच्या पायाशी थोडं कुसळ राह्यलं हाय."

आणि उतरले. वाक्य माझ्या तोंडात तसंच राहिलं.

ते वाक्य बोलायला तांड्यावर जायचं धैर्य गोळा करता करता माझे अकरा महिने गेले. गेलो तेव्हा त्यांच्या बायकोने पाणी दिलं आणि सांगितलं, की ते पौषात तापाने गेले. शेवटपर्यंत दारव्ह्यालाच होते काय, असं मी विचारलं. ती म्हणाली, "हो. शाळेतलं काम लय आवडे त्याईले. काहून सोडलं, ते कधी सांगतलं नाही." दाराच्या वरच्या बाजूला त्यांनी कोरलेली एक लहानशी जाळी होती. निघताना मी आतल्या बाजूने तिच्यावर अंगठा फिरवला. कुठेच काही लागलं नाही.

त्या बाईलाही मी काही सांगितलं नाही. पाणी पिऊन आलो.

तेव्हापासून मी खालचे सहा दात उलटे ठेवतो, आणि मुलांनी विचारलं तर सांगतो, की ही रीत सोमलाभाऊंची. आता तसं सांगतो. हेडमास्तर निवृत्त होऊन गावी गेले आहेत, ते अधिकारी कुठे बदलून गेले मला माहीत नाही, आणि कामशाळेतल्या या मुलांपैकी कोणी सोमलाभाऊंना पाहिलेलं नाही. त्यामुळे सांगायला काहीच जड जात नाही.