नागुअक्काचं गुत्तं

"बाईला निम्मी हजेरी. ही रीत हाय अक्का, मी काढली न्हाई."

"मग माझं घमेलंबी निम्मंच भर की रे मारोती! भरताना कशी तुला बाई दिसत न्हाई?"

हे भांडण मी शेडात बसून ऐकलं. भूकंपानं आमचं गाव आडवं केलं होतं, सगळी माणसं पत्र्याच्या शेडात राहत होती. त्या पत्र्याला भिंत म्हणायचं एवढंच. शेजारणीनं फोडणी घातली की आपल्या डोळ्याला पाणी. बाहेर नव्या घरांचे पाये भरणं चाललं होतं. मारोती मुकादम मजुरी वाटत होता आणि त्याच्यापुढं आमची नागुबाई पदर खोचून उभी. नवरा भूकंपात गेलेला, पदरात दोन पोरी, आणि जीभ अशी की कुऱ्हाडीनं लाजावं.

मारोती शेवटी वैतागला. "मग गुत्तं घे! ह्यो दगडाचा ढीग पायापशी नेऊन टाक. गड्यानं टाकू दे की बाईनं, ढिगाचा दर एकच."

त्याला वाटलं, आता गप बसेल. हिनं ढीगच घेतला. आम्हा चौघी-पाचजणींना हाका मारल्या, आणि दिवस मावळायला ढीग जागेवरून हलला. जन्मात पहिल्यांदा आमच्या हातात गड्याएवढा पैसा आला. मारोतीनं दिला, पण तोंड असं केलं जणू त्याच्याच घराचा दगड नेला.

तेव्हापासून नागुअक्का रोजानं कुणाकडं गेली नाही. खुरपणी असो, सोयाबीन काढणं असो, सगळं गुत्त्यानं, आख्ख्या कामाचा दर आधी ठरवून. "रोजानं गेलं की मालक आपलं लुगडं बघतो," म्हणायची, "गुत्त्यात त्याला काम बघावं लागतं."

आमच्या टोळीत एक रीत होती. खुरपताना प्रत्येकीच्या वाट्याला रानाचा जो पट्टा येतो, ती तिची पात. एखादी ओली बाळंतीण, एखादी तापानं फणफणलेली मागं राहिली, तर शेजारणीनं तिची पात उरकून द्यायची. वाटा सगळ्यांना सारखा. कुरकुर व्हायची, नाही असं नाही. पण आज ती, उद्या मी.

पुढं तणाला औषध मारायची चाल आली आणि खुरप्याला गंज चढला. लातुरात मात्र ट्युशनवाल्यांनी जत्रा भरवली होती. गावोगावची लेकरं डॉक्टर व्हायला यायची आणि त्यांना जेवायला लागायचं. अक्कानं आम्हा सहाजणींना उचललं आणि गुरुपादप्पाच्या मेसमध्ये चपात्यांचं गुत्तं धरलं.

तिथं मात्र ती फसली. तिनं दर बोलला तो डोईवर, जेवणाऱ्या पोरामागं, लग्नाच्या पंगतीसारखा. तिचं म्हणणं, "शिकणारं लेकरू खाऊन खाऊन किती खाईल?" तेवढ्यात किनवटकडची पोरं आली. ताटात चपाती पडायच्या आत नाहीशी.

"ह्यास्नी डॉक्टर व्हायचंय का पैलवान?" केवळाबाई म्हणाली, ती दगडाच्या ढिगापासून आमच्यातली. आमचे खांदे उतरायची वेळ आली. मी म्हटलं, "अक्का, जाऊन दर फिरवून घे की."

"दिवाळीपत्तुर बोलून बसलेय मी. शब्द हाय."

"त्या जिभेलाच आधी लाटायला पायजे होतं."

ती हसली आणि माझ्या परातीतले कणकेचे दोन उंडे स्वतःकडं ओढले. दिवाळीपर्यंत तोंडातून ब्र काढला नाही.

दिवाळी झाली तशी मेसवाल्या अप्पापुढं उभी राहिली. "आता दर पिठावर. जेवढं पीठ उठंल, तेवढा पैसा."

अप्पानं मनातल्या मनात हिशेब केला. "अगं, एकेकीला आचाऱ्याएवढं पडतंय की!"

"मग काय बिघडलं?"

"तो गडीमाणूस हाय."

"आमच्या चपातीला मिशा न्हाईत म्हणून दर कमी व्हय?"

अप्पा हसला, पण बधला नाही. म्हणाला, महिन्याच्या पगारावर राहा, मी सांगेन तो. आणि त्या केवळाबाईला घरी बसवा, तिचे गुडघे गेलेत, एकदा बसली की उठवायला दोघी लागतात.

दर ठरला नाही तर आमच्याकडं बायका बांधावर बसतात, रानात पाय घालत नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मेसच्या पायरीवर बसलो. हे काम गेलं तर परत गावी जाऊन करायचं काय? पोरं डबे घेऊन आली. "मावशी, चपाती?"

"अप्पाला इचारा बाळांनो."

आतून पोळपाटाचा आवाज आला. अप्पानं आचाऱ्याला बसवलं होतं. थोड्या वेळानं आचारी घाम पुसत बाहेर आला. "अप्पा, भाजी ढिगानं करतो. हे माझ्या बापाच्यानं व्हायचं न्हाई." क्लासची वेळ झाली, पोरं डबे वाजवायला लागली. एकानं तर सरळ घरी फोन लावला.

अप्पा दारात आला. "उठा बायांनो. पिठावर दर. झालं समाधान?"

आम्ही उठलो. अक्का बसूनच. "आन केवळा?"

"तिचं काय आता?"

"तिची पात आमी बघू. तुमी चपात्या मोजा अप्पा, बाया मोजू नका."

अप्पानं आमच्याकडं बघितलं, मग डबे वाजवणाऱ्या पोरांकडं. "बरं बाई," म्हणाला.

त्या दरावर आमच्या पोरींची लग्नं झाली, दोघींची तर शिक्षणंही. केवळाबाईचं पुढं बसणंही सुटलं, ती खोलीवर पडून राहायला लागली. तिचा वाटा चालूच. आमच्यातल्या नव्या बायका कुजबुजायच्या, कुठवर? अक्का म्हणायची, "जिनं भूकंपाचे दगड उचलले, तिची पात एवढ्यात सरत न्हाई."

गेल्या पौषात नागुअक्का झोपेतच गेली. आदल्या दिवशी गुत्त्याचा पैसा मिळाला होता. दुपारी ती केवळाबाईच्या खोलीवर गेली, मी सोबत होते. केवळाबाई नेहमीसारखं "नको गं, लाज वाटते" म्हणाली. अक्कानं नेहमीसारखा वाटा तिच्या उशाखाली सारला, चहात साखर कमी म्हणून तिला दोन शिव्या घातल्या, आणि कप विसळून पालथा घालून चपला शोधायला लागली.