गिरगावात मी ताईचं नाक झाले

मिरजेहून निघताना नवऱ्याने बजावलं होतं, "ताईंकडे चहा मागू नकोस. उगीच अपमान करून घेशील." तो थट्टेत म्हणाला, पण त्यात खोटं काही नव्हतं. गिरगावात फणसवाडीला माझी थोरली बहीण, सुधाताई, एकटी राहते. तिच्या घरी चहाचा डबा सगळ्यात वरच्या फळीवर असतो. तो काढताना ती जे तोंड करते, ते पाहून माणूस आपणहून "राहू दे" म्हणतो. मी जन्माची चहाबाज. एकाच आईच्या पोटी आम्ही दोघी कशा निपजलो, हे मला अजून उलगडलेलं नाही.

या वेळी बोलावणंही विचित्र होतं. "कुंदा, रविवारपर्यंत राहायला ये. तुझं काम आहे. फोनवर नाही सांगत." ताईने आजवर मला कुठल्याही कामाला लायक समजलेलं नव्हतं, त्यामुळे मी काळजीतच बसमध्ये चढले.

सकाळी दादरला उतरून टॅक्सी केली. गिरगावात मेट्रोच्या कामाचे पत्रे निघाल्यामुळे रस्ता एवढा रुंद झाला होता की आपण भलतीकडेच आलो असं वाटून मी टॅक्सीवाल्याशी वाद घातला. तो बिचारा "मावशी, हेच ठाकूरद्वार" असं तीनदा म्हणाला. फणसवाडीत शिरल्यावर मात्र खूण पटली. दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत ताई उभी होती, नेहमीसारखी कडक इस्त्रीच्या साडीत.

आत जाऊन हातपाय धुतले. ताईने कॉफी केली. आमच्याकडे कॉफी म्हणजे दुधातली, साखर घातलेली आणि जायफळ किसून उकळलेली. मी कप संपवला, भिंतीला टेकले, आणि जाग आली तेव्हा दुपारचं ऊन गॅलरीतून घरात आलं होतं. प्रवासाचा शीण म्हणावा, तर बसमध्ये मी छान झोपले होते.

"जायफळ किती घातलंस गं?" मी विचारलं.

ताई उठून कपबशा आवरायला लागली. मग शेजारच्या सावंतकाकू डोकावल्या आणि हसत म्हणाल्या, "तुमका पण झोप लागली? ताईंच्या हळदीकुंकवाक आम्ही चौघी जणी कॉफी पिऊन थयच पेंगलो! एकीक तर घराक हात धरून न्हेल्यानी." ताईने त्यांच्याकडे असं पाहिलं की काकू आल्या पावली परत गेल्या.

दार लावून ताई माझ्यासमोर बसली. "मला वास येत नाही," ती म्हणाली. "तापातून उठले तेव्हापासून. डॉक्टर म्हणतो येईल, कदाचित नाही येणार. चवही गेलीच. आंबट, गोड, खारट एवढं जिभेला कळतं. बाकी सगळं पाणी."

ताईचं नाक म्हणजे आमच्या घराण्यातली मोठी गोष्ट होती. दूध कालचं की आजचं, हे ती दारातून सांगायची. लग्नाच्या पंगतीत कॉफी आली की आधी ती वास घ्यायची आणि कप तसाच खाली ठेवायची. दोन्हीकडचे व्याही त्यामुळे तिला घाबरून असत.

"मंदारला सांगितलंस?" मंदार तिचा एकुलता एक मुलगा, पुण्याला असतो.

"वेडी आहेस का? मागे दूध उतू जाऊन गॅस विझला. मला पत्ताच नाही. सावंतकाकू वास आला म्हणून धावत आल्या, म्हणून वाचले. हे त्याला कळलं तर त्याच दिवशी घराला कुलूप घालून मला पुण्याला नेईल. तिथे खोली तयारच ठेवलीय त्याने." ती थांबली. "गेल्या खेपेला कॉफी पिऊन म्हणाला, आई, तुला बरं नाही का? संशय आलाय त्याला. रविवारी येतोय. एक घोट घेतला की ओळखेल तो. माझ्या हाताखाली तयार झालेली जीभ आहे ती."

म्हणून मी. रविवारी मंदारपुढे ताईची कॉफी ठेवायची, आणि वास घेण्याचं काम माझ्या नाकाने करायचं. मी म्हटलं, अगं, मला दोन कॉफ्यांतला फरक कळत नाही. ती म्हणाली, "शिकशील." मला तिची दया येत होती आणि भीतीही वाटत होती. गॅसचा वास न येणाऱ्या बाईला या घरात एकटी ठेवण्यासाठी मी मदत करतेय, हे बरोबर की चूक? मी हो म्हटलं खरं, पण रात्रभर त्याचं उत्तर सापडलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही माटुंग्याला गेलो. ताईची पूड तिथल्याच एका दुकानातून येते. दुकान जेमतेम दोन माणसं उभी राहतील एवढं, पण बाहेर रांग. प्रत्येक जण दुकानदाराला काहीतरी ऐकवत होता. एका सदऱ्यातल्या आजोबांनी मागल्या खेपेला चिकोरी (कॉफीत मिसळतात ती भाजलेल्या मुळाची पूड) जास्त झाल्याबद्दल तक्रार केली. त्यांच्या मागची बाई म्हणाली की मागल्या खेपेला ती कमीच होती. दोघांनी पूड एकाच दिवशी नेली होती. आता कॉफी सोडून ते दोघं एकमेकांशीच भांडू लागले.

आमचा नंबर आला. ताईने प्रमाण सांगितलं, पण तेवढ्याने भागत नव्हतं. बिया दर हंगामात वेगळ्या येतात, म्हणून ताई आधी चिमूटभर पुडीचा वास घेई आणि मग चिकोरी ठरवी. दुकानदाराने सवयीने कागदावर चिमूट पुढे केली. ताईने ती माझ्याकडे सरकवली.

"कशी आहे?" तिने हळूच विचारलं.

मी खोल श्वास घेतला. "कॉफीसारखी."

"कॉफीसारखी म्हणजे? करपट? आंबूस? मातकट?"

ती विचारील तसतसे तिन्ही वास मला येऊ लागले. दुकानदार म्हणाला, "आंटी, आज दुसरं कोणतरी चेक करते? तब्येत ठीक आहे ना?" ताई म्हणाली, "बहिणीला शिकवतेय." मी घाबरून "चालेल" म्हटलं आणि पुडा घेतला.

तिथून जवळच्याच हॉटेलात तिने मला फिल्टर कॉफी पाजली. पेल्याखाली डबरा (खोलगट पितळी वाटी, तिच्यात ओतून कॉफी निववतात) आला. मी बशीतून चहा पितात तशी डबऱ्यातूनच प्यायला लागले, तर शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ माझ्याकडे बघतच राहिले. मग त्यांनी वेटरला बोलावून स्वतःची कॉफी परत पाठवली. कारण तिच्यावर फेस कमी होता. "चवीत फरक पडतो का हो फेसाने?" मी विचारलं. "चव बाद में," ते म्हणाले, "पहले फेस." मी ताईकडे पाहिलं. ती अगदी पटल्यासारखी मान डोलावत होती. फेसाचं जायफळवाल्या कॉफीशी काय नातं, ते मी विचारलं नाही.

"दुधामुळे तुला काही कळत नाहीये," ताईने निदान केलं. "कोरी पिऊन बघ." त्यासाठी आम्ही लोअर परळला गेलो. जुन्या गिरणीच्या आवारात आता काचेची ऑफिसं आहेत, आणि त्यांच्या पायथ्याशी कॉफीचं एक दुकान. आत सगळे कामात, आणि बोलणं हळू आवाजात. काउंटरवरच्या मुलीने आमच्या साड्या पाहून मराठीतच विचारलं, "काकी, ब्लॅक देऊ? ह्याच्यात तुम्हाला जांभळाची टेस्ट येईल बघा."

"जांभूळ घालता?"

"नाय ओ! त्या बियांचीच असते. एंडला गुळासारखी लागते."

तिने काट्यावर पूड तोलली, वर बारीक धारेने पाणी गोल गोल सोडलं, आणि माझ्यापुढे काढ्यासारखं काहीतरी ठेवलं. मी प्यायले. जांभूळ नव्हतं. गूळही नव्हता. अंगावर शहारा आला तेवढा खरा. पलीकडे दाढीवाला एक तरुण आपला कप परत करत होता, पाणी जास्त गरम होतं म्हणून. मुलगी कुरकुर न करता दुसरी करायला लागली. "पोरगा बरोबर बोलतोय," ताई मला म्हणाली. "गरम पाण्यात कडू होतेच." मग तिने माझा कप उचलला, डोळे मिटले आणि नाकाशी धरला. बराच वेळ तशीच बसून राहिली. मला वाटलं, वास आला. तिने कप खाली ठेवला आणि पर्समध्ये रुमाल शोधायला लागली. मला रडूच यायला लागलं, म्हणून मी उरलेला काढा एका दमात पिऊन टाकला.

परतीच्या वाटेवर लालबागला मसाल्यांच्या दुकानातून नवी जायफळं घेतली. तिथे मिरच्यांच्या ठसक्याने मी शिंकून शिंकून हैराण झाले. ताई मात्र शांत उभी. दुकानदार म्हणाला, "सवय दिसता तुमका." ताई म्हणाली, "हो, सवय झालीय."

मग घरी शिकवणी सुरू झाली. दूध कसं तापवायचं, पूड कधी सोडायची, झाकण ठेवून किती मुरू द्यायची, फडक्यातून गाळताना पिळायचं का नाही. ताई शेजारी उभी राहून पातेल्यात बघून चुका काढायची. चव लागत नसताना! मी प्रत्येक खेपेला घोट घेऊन तिला वर्णन सांगायचे आणि ती म्हणायची, "म्हणजे नाही जमली." जायफळाच्या भीतीने मी ते शेवटी, कपात, नखभर घालायला लागले. कॉफी पिऊन पिऊन माझी झोप उडाली, आणि नवऱ्याला फोनवर "जांभळाची चव" समजावून सांगितली तेव्हा त्याने मला ताप आहे का विचारलं.

रविवारी मंदार आला. उंच, थकलेला, आल्याआल्या आईच्या पाया पडला, माझ्या पडला. मी आत जाऊन कॉफी केली. ताई कप घेऊन बाहेर गेली, जणू तिनेच केली. मी दाराआडून बघत राहिले. या कपावर तिचं घर होतं.

मंदारने घोट घेतला. थोडा थांबला. मग म्हणाला, "वा! अगदी तुझ्या हातची."

जिंकलो होतो आम्ही. आणि ताईचा चेहरा पडला.

"परत पी," ती म्हणाली.

"छान आहे की, आई."

"छान आहे? ही माझ्या हातची आहे?" तिचा आवाज चढला. "जायफळ वरून घातलंय, माझ्यात दुधाबरोबर असतं. फडकं पिळून गाळलीय. जन्मभर तुला माझी कॉफी पाजली आणि तुला फरक कळत नाही? कुंदाने केलीय ती! कुंदाने!"

मी तिला हाताने खुणा करत होते, ती बघतच नव्हती.

"मग तू का नाही केलीस?" मंदारने विचारलं.

आपण काय करून बसलो ते ताईला तेव्हा कळलं असावं. "वास येत नाही मला," ती म्हणाली. मग गॅसचंही सांगितलं. सगळंच सांगून टाकलं.

मंदार उठला, स्वयंपाकघरात गेला, गॅस खालून बंद केला आणि तिथेच उभा राहिला. बऱ्याच वेळाने बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. दोघं खूप वेळ बोलली, मधूनमधून भांडली. शेवटी ठरलं ते असं: गॅस काढून टाकायचा, विजेची शेगडी आणायची, एक किल्ली सावंतकाकूंकडे ठेवायची. दिवाळीपर्यंत ताईने इथेच राहायचं. नाकाचं पुढे काय होतं ते बघून मग पुण्याचं बघायचं. संध्याकाळी शेगडी आलीसुद्धा. तिच्यावर कॉफी नीट होणार नाही, असं ताईने खोकं उघडायच्या आधीच जाहीर केलं.

दुसऱ्या दिवशी मंदारने मला दादरला बसवर सोडलं. बस यायला वेळ होता. पिशवी खाली ठेवून तो म्हणाला, "मावशी, पहिल्या घोटालाच कळलं होतं मला."

"काय?"

"वेगळी आहे ते. मला वाटलं, आईचा हातच आता असा झाला. म्हणून छान म्हटलं."

बस आली. मी खिडकीशी बसले आणि मिरजेपर्यंत हेच घोळत राहिलं. हे ताईला सांगावं की नाही? सांगितलं तर मुलाने आपल्यावर दया केली, हे तिला समजणार. माझी कॉफी किती वाईट होती, तेही. नाही सांगितलं तर पोराला आपली कॉफी ओळखू आली नाही, हा सल घेऊन ती त्या शेगडीपुढे उभी राहणार. पुडीचा वास कळला नाही, जांभूळ कळलं नाही, आणि आता हेही मला कळत नव्हतं.

घरी पोचल्यावर चपला काढायच्या आधी मी फोन लावला आणि तो म्हणाला तसं सगळं सांगितलं, काही न गाळता.

मी म्हटलं, "ताई, ऐकतेयस ना?"

"म्हणजे कळलं त्याला," ताई म्हणाली. "पहिल्याच घोटाला?"

"हो गं, पहिल्याच."

"बघ," ती म्हणाली, "बघ!" आणि पुढे ती रडत होती की हसत होती, ते मला शेवटपर्यंत समजलं नाही.